एव्हर्टचं नाक आणि न मोजलेल्या पेशी

एव्हर्टला वास येईनासा झालाय हे कळलं तेव्हा गावात एकही माणूस हळहळला नाही. सगळे हसले. मासळी आंबवणाऱ्या माणसाचं नाक बंद पडलं, म्हणजे लॉटरीच लागली म्हणे. "आम्हाला दे की तुझं नाक, नुसतं जुलैपुरतं." हा विनोद मी दुकानात ऐकला, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकला आणि एकदा तर दवाखान्यात नर्सच्या तोंडून ऐकला. दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. एव्हर्ट मात्र दर वेळी असा हसायचा, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय.

एव्हर्ट म्हणजे माझ्या बहिणीचा, गुन्नेलचा नवरा. वय अठ्ठावन्न, उंच, जरा पोक काढून चालणारा, कुणाला दुखवायचं नाही म्हणून स्वतःचं दुखणं गिळणारा. असली माणसं आमच्या किनाऱ्यावर पैशाला पासरी मिळतात, आणि त्यांचं कौतुकही फार होतं. मला नाही कौतुक. गप्प बसण्याला सद्गुण म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

त्याचं काम सिक्स्टेनच्या शेडमध्ये. मे महिन्यात जाळ्यात छोटी हेरिंग येते, ती आधी कडक मिठात, मग डोकी काढून हलक्या मिठाच्या पाण्यात, पिंपांमध्ये. पुढचे काही आठवडे ती आंबत राहते. शेडमध्ये थर्मामीटर आहे, मीठ मोजायची नळी आहे, पण 'हे पिंप झालं, आता डब्यात भरा' हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते एव्हर्ट सांगतो. पिंपाचं लाकडी बूच काढायचं, नाक खाली न्यायचं, एक श्वास घ्यायचा. बाहेरच्या माणसाला आंबलेलं आणि कुजलेलं सारखंच वाटतं, तो नाक दाबून पळत सुटतो. पण आंबलेल्या मासळीचा वास आंबूस असतो, कडेला जरा लोणी उतरल्यासारखा. कुजलेलीचा वास गोडसर, जड, घशात बसणारा. एव्हर्टचे वडील हेच काम करायचे. एव्हर्ट ते दहाव्या वर्षापासून करतोय. दुसरं त्याला काही येत नाही, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नाही.

नाकाची कथा जुनी आहे. पस्तिशी ओलांडली आणि त्याचं नाक चोंदायला लागलं. सर्दी म्हणून वर्ष गेलं, हवा म्हणून दुसरं गेलं. मग कळलं की आत मांस वाढलंय, सोललेल्या द्राक्षांसारखे फिक्के घोस. तीन ऑपरेशनं झाली: २००६, २०११, २०१६. पहिल्यानंतर दोन वर्षं वास आला. दुसऱ्यानंतर एक वर्ष. तिसऱ्यानंतर जेमतेम चार महिने. अधल्यामधल्या वर्षांत तो जूनमध्ये कॉर्टिसोनच्या गोळ्या घ्यायचा, दहाबारा दिवस नाक उघडायचं, तेवढ्यात सगळी पिंपं हुंगून घ्यायचा. शेवटी डॉक्टरांनी त्या बंद केल्या, हाडं ठिसूळ होतील म्हणाले. त्यानंतर तो नुसत्या अंदाजावर चालत होता. वहीत दिवस मोजायचा, पाण्याचा रंग बघायचा, बोटाने मासा दाबायचा आणि बूच काढून श्वास घ्यायचं नाटक करायचा. हे गुन्नेललाही माहीत नव्हतं.

मागच्या जुलैत नाटक उघडं पडलं. एव्हर्टने 'झालं' म्हटलेलं पिंप सिक्स्टेनने उघडलं आणि तो मागेच सरकला. अख्खं पिंप कुजलं होतं. सिक्स्टेन वाईट माणूस नाही, पण त्याच्या बापाचं नाव त्या डब्यांवर आहे.

"किती दिवस झाले वास येत नाही?" त्याने विचारलं.

"येतो अधूनमधून."

"एव्हर्ट, किती दिवस?"

"बरीच वर्षं."

सिक्स्टेनने टोपी काढली, परत घातली. "पुढच्या जूनमध्ये तीन पिंपं तुझ्यापुढे ठेवीन. एक मुद्दाम कुजवलेलं असेल. सांगितलंस, तर शेडमधलं काम तुझंच. नाही सांगता आलं, तर मग मला दुसरं नाक शोधावं लागेल. वाईट वाटून घेऊ नको."

'वाईट वाटून घेऊ नको.' काय माणसं असतात. एव्हर्टने वाईट वाटून घेतलं नाही, तो घरी आला आणि गप्प झाला. हिवाळाभर खिडकीपाशी बसून राहिला. गुन्नेल मला फोन करून म्हणायची, "मायलीस, घरात खुर्ची आहे आणि खुर्चीत कोट आहे, एवढंच." चौथ्या ऑपरेशनची तारीख एप्रिलमधली होती, आणि डॉक्टर आधीच म्हणाला होता की या खेपेला वास परत येईल याची खात्री नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी त्यांच्याकडे दुपारच्या कॉफीला गेले. गुन्नेलने वेलदोड्याचे बन केले होते. एव्हर्ट पाणी पीत होता. हा माणूस दोन वर्षांपासून कॉफी पीत नाही. आमच्याकडे कॉफी सोडणं म्हणजे धर्म सोडण्यासारखं आहे, पण त्याने सोडली होती, कारण कॉफीनंतर त्याच्या छातीत शिट्टी वाजते, असं त्याचं म्हणणं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. त्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. तो उठला, कॉफीचं कपाट उघडलं, साखरेच्या डब्याशेजारची गोळ्यांची नळी काढली आणि दोन गोळ्या पाण्यात टाकल्या. त्या फसफसल्या, त्याने ग्लास रिकामा केला. ही नळी आमच्याकडे प्रत्येक घरात कॉफीच्या कपाटातच असते. माझ्याकडेही आहे.

पाऊण तास झाला असेल. एव्हर्टचे डोळे लाल झाले, नाकातून पाणी गळायला लागलं आणि छातीतून बारीक शिट्टी सुरू झाली.

"बघ," गुन्नेल म्हणाली, "कॉफीचा नुसता वास आला तरी हे असं."

"वास?" मी म्हटलं. "याला कुठून वास येणार, गुन्नेल?"

मी एव्हर्टकडे वळले. "ही गोळी किती दिवसांपासून घेतोस?"

"लष्करात होतो तेव्हापासून. आठवड्यातून एखाद वेळी, जास्त नाही."

"आणि शिट्टी दर वेळी?"

"कॉफीनंतर."

"कॉफी तर तू दोन वर्षं घेत नाहीस."

त्याने ग्लासकडे पाहिलं. एवढा शहाणा माणूस, पण त्याने कॉफी सोडली, गोळी ठेवली. गोळीत ॲस्पिरिन असतं. मी रुग्णालयात, कापून काढलेलं मांस तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं आहे. नाकात वाढलेलं मांस, छातीत शिट्टी आणि ॲस्पिरिन, ही तीन एकत्र आली की काय समजायचं हे मी शिकलेली आहे. शिकलेली होते, आणि त्याच्या टेबलाशी वीस वर्षं बन खात होते.

"डॉक्टरला सांगितलंस का कधी?"

"त्याने विचारलं होतं, औषधं काही घेतोस का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, नाही." तो मनापासून गोंधळला होता. "औषधं बाथरूमच्या कपाटात असतात, मायलीस. ही तर कॉफीबरोबरची."

मी नळी उचलून खिशात टाकली. त्या क्षणी मला कुणावर ओरडावं तेच कळेना.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनच्या आधीची तपासणी होती. मी सुट्टी काढून एव्हर्टबरोबर गेले. डॉक्टर स्टाफन तरुण नाही, म्हातारा नाही, हात चांगला, पण नजर सतत पुढच्या पेशंटवर. त्याने स्क्रीनकडे बघत विचारलं, "औषधांची ॲलर्जी?"

"नाही," एव्हर्ट म्हणाला. माझ्यादेखत. मी शेजारी बसलेली असताना.

"चालू औषधं?"

"काही नाही."

मी नळी टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. "याला हे घेतल्यावर तासाभरात श्वास लागतो. वीस वर्षांत तुम्ही लोकांनी याला किती वेळा विचारलंत, औषध घेतोस का? एकदा तरी विचारायचं होतं की डोकं दुखलं तर काय पितोस."

स्टाफनने नळी उलटसुलट करून पाहिली. तो जरा लाल झाला, हे मान्य करते. "हे आजपासून बंद," तो एव्हर्टला म्हणाला. "हे आणि याच्या जातीतल्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या. पण नुसतं हे बंद करून मांस जाणार नाही, ते एव्हाना स्वतःच्या बळावर वाढतंय."

"मग?" मी.

"एक इंजेक्शन आहे. दोन आठवड्यांतून एकदा, पोटावर. ज्याला या जातीची सूज आहे त्याचं नाक त्याने उघडतं, वासही येतो. पण ते महाग आहे, मंजुरी देणाऱ्या समितीला आधी पुरावा लागतो. मांसामध्ये इओसिनोफिल किती, त्याचा आकडा. रक्तातला आकडा काठावर आहे, तेवढ्यावर ते सही करणार नाहीत."

"तीनदा मांस काढलंत की त्याचं."

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तिन्ही अहवाल एका ओळीचे. सूज असलेलं मांस, कॅन्सर नाही. आकडा कुठेच नव्हता.

"आकडा का नाही?"

"फॉर्मवर रकाना नाही त्याचा," स्टाफन म्हणाला. "आम्ही कॅन्सर आहे का एवढंच विचारतो, तुम्ही तेवढंच सांगता."

'तुम्ही.' हा शब्द मला झोंबला, पण मी त्याला सोडलं नाही. "ते मांस बसवलेल्या मेणाच्या वड्या आमच्या तळघरात आहेत. तिन्ही. लिहून दे, फेरतपासणी हवी म्हणून. मी बसून मोजते, आमची डॉक्टर खात्री करून सही करेल."

"तुला वेळ असेल तर," तो म्हणाला आणि लिहून दिलं. वेळ असेल तर. माणसाचं आख्खं आयुष्य एका पिंपाच्या बुचावर अडकलंय आणि हा मला वेळ विचारतो.

इओसिनोफिल म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या कामात हीच एक पेशी बघायला खरंच देखणी आहे. पांढऱ्या पेशींमधली ही एक जात. काचेवरच्या पातळ कापाला रंग दिला की तिच्या पोटातले दाणे भडक गुलाबी होतात आणि मधोमध दोन निळे ठिपके दिसतात. त्या दाण्यांत विष असतं, जंतांना मारण्यासाठी. आमच्या किनाऱ्यावर आता पोटात जंत कुणाला होतात? पण या पेशी आहेत, राखण करत. एव्हर्टसारख्या माणसाच्या नाकात दुसऱ्या पेशी विनाकारण हाका मारतात, या धावत येतात, दाणे फोडतात आणि नाकाचं आपलंच अस्तर जाळतात. अस्तर सुजतं, पाणी धरतं, खाली लोंबायला लागतं, वासाच्या नसांपर्यंत हवाच पोचत नाही. त्यात ॲस्पिरिन पडलं की शेजारच्या मास्ट नावाच्या पेशी आणखी बिथरतात. घरी जा म्हणून कुणी न सांगितलेल्या राखणदाराने घरच्यांनाच बडवावं, तसं. सर्जन मांस कापून टाकतो. राखणदार आणि त्यांना हाका मारणारे तिथेच राहतात, आणि पुन्हा नव्याने सगळं सुरू. इंजेक्शन ती हाकच बंद करतं.

तळघरात वड्या वर्षावार लावलेल्या असतात. वडीवर नाव नसतं, आकडा असतो. २००६ची सापडली, २०१६ची सापडली. पातळ काप काढले, रंगवले, मायक्रोस्कोपखाली घातले. दहा पेशी दिसल्या तरी समितीला पुरतात. २००६च्या कापात मी एका नजरेच्या टप्प्यात एकशे दहापर्यंत मोजल्या आणि थांबले. २०१६मध्ये त्याहून जास्त. तीन ऑपरेशनं, सोळा वर्षं, आणि उत्तर आमच्याच तळघरात मेणात बसलेलं, माझ्या टेबलापासून दोन जिने खाली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्टाफनला, त्याच्या आधीच्या दोघांना, तो फॉर्म छापणाऱ्याला, सगळ्यांना मी मनातल्या मनात फैलावर घेतलं.

२०११ची वडी मात्र जागेवर नव्हती. वहीत बघितलं, तर त्या आकड्यापुढे शेरा होता: शिकवण्याच्या संचात हलवली.

वड्या आणि त्यांच्या रंगवलेल्या स्लाईड्स, असा तो संच माझ्या खणात असतो. दर शरदात कॉलेजातून विद्यार्थी येतात, त्यांना मी तो दाखवते. त्यातली चौथी स्लाईड मी नेहमी शेवटी ठेवते, कारण ती सगळ्यात सुंदर आहे. एकसारखे गुलाबी दाणे, एकही डाग नाही. 'इओसिनोफिल म्हणजे काय, हे इथे बघा,' मी म्हणते, 'इतका स्वच्छ नमुना तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.' मी चौथी स्लाईड काढली आणि कडेचा आकडा वाचला. मग वहीतला वाचला. तोच. खाली रंगवणाऱ्याची आद्याक्षरंही होती. माझीच.

ती स्लाईड रंगवली त्या आठवड्यात एव्हर्ट ऑपरेशनला होता, हे मला माहीत होतं. मीच गुन्नेलला गाडीतून नेलं होतं. त्याच आठवड्यात नाकातलं मांस आमच्या टेबलावर आलं, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवल्या नाहीत. रंग छान चढला, एवढंच मी पाहिलं. आणि अकरा वर्षं पोरापोरींना तो रंग दाखवत राहिले, मिरवत.

मी आकडे लिहून काढले. आमच्या डॉक्टरने खात्री करून सही केली, समितीने तीन आठवडे घेतले, मार्चअखेर पहिलं इंजेक्शन झालं. ऑपरेशन रद्द झालं. एव्हर्टला स्लाईडचं मी काही सांगितलं नाही. नाक उघडू दे, मग सांगू, असं स्वतःला म्हटलं. खरं म्हणजे धीर होत नव्हता.

एप्रिल गेला, काही नाही. नाकातून हवा जायला लागली, पण वास शून्य. मेमध्ये मासळी आली, पिंपं भरली, एव्हर्ट मिठाची नळी घेऊन खाली मान घालून फिरत राहिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात गुन्नेलचा फोन आला, तिला नीट बोलताही येईना. एव्हर्टने न्याहारीला पातळ भाकरी तोंडाशी नेली, थांबला, आणि म्हणाला होता, "हिच्यात बडीशेप घातलीस?" ती भाकरी ती तीस वर्षं तशीच करते.

जूनअखेर सिक्स्टेनने तीन पिंपं मांडली. शेडमध्ये आम्ही चौघंच. गुन्नेल दाराशी उभी होती, रुमाल नाकाला लावून. आम्ही बहिणी मूळच्या आतल्या गावच्या; मला सवय झाली, तिला हा वास कधीच झेपला नाही. एव्हर्टने पहिलं बूच काढलं, श्वास घेतला, परत लावलं. दुसरं. तिसऱ्यापाशी तो वाकला तो तसाच राहिला. मला वाटलं, संपलं.

"हे कुजलंय," तो म्हणाला. "पण दुसरंही उद्यापर्यंत ठेवू नको, सिक्स्टेन. ते आज झालंय. उद्या उशीर होईल."

सिक्स्टेनने दोन्ही उघडून पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे. सोमवारी नेहमीच्या वेळेला ये." एवढंच. वर्षभर माणसाला जाळलं त्याबद्दल अक्षर नाही. गुन्नेल सिक्स्टेनला मिठी मारायला गेली, तिचं मी समजू शकते.

ती दोघं डबे बघायला बाहेर गेली, आणि मी एव्हर्टला सगळं सांगितलं. तो नळाखाली हात धूत होता. २००६चा आकडा सांगितला, २०१६चा सांगितला, चौथी स्लाईड सांगितली, रंगवणाऱ्याची आद्याक्षरं सांगितली. आवाज चढवायची मला सवय आहे, पण तेव्हा तो चढलाच नाही.

त्याने नळ बंद केला. "अकरा वर्षं?"

"अकरा."

"किती जणांनी पाहिली असेल?"

"दर वर्षी पंधरा-वीस विद्यार्थी असतात."

तो मनात हिशेब करत असावा. मला वाटलं, आता तरी हा माणूस रागावेल, आणि मला बरं वाटेल. तो म्हणाला, "त्यातल्या कुणी विचारलं का कधी, हा माणूस कोण म्हणून?"

"नाही."

"आणि तुला? कधी वाटलं, कोण असेल, त्याचं पुढे काय झालं असेल?"

मी तीस वर्षं फॉर्मवर, डॉक्टरांवर, गावावर चिडत आले होते. त्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मला त्याच्या तोंडावर द्यावं लागलं.

"नाही," मी म्हटलं.